सामाईक भिंतीवरची बाग

हरिहर आठल्ये ठाण्याच्या एका कचेरीत ट्रेसर होता. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे त्याने शाईने पातळ कापडावर उतरवायचे. त्याचा हात फार सुरेख होता. रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते दिसत नसे. स्वभाव मात्र असा, की कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच माफी मागायचा.

आम्ही डोंबिवलीला काळुराम म्हात्रेंच्या बैठ्या चाळीत राहत होतो. मी मराठी घेऊन नुकताच बी.ए. झालो होतो आणि कल्याणच्या एका शाळेत शिकवत होतो. माझी एकट्याची एक खोली, हरिहरच्या दोन. तो माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, पण मैत्री अरेतुरेची. हे मी अठ्ठावन्न साली लिहितो आहे. घडलं त्याला तीन वर्षं झाली. अजूनही मला ते पुरतं समजलं आहे असं म्हणवत नाही.

सुरुवात त्याच्या लग्नापासून आहे.

मुलगी गुहागरजवळच्या एका खेड्यातली. वडिलांची नारळी-पोफळीची वाडी. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मुलगी बघायला हरिहर काकांबरोबर गेला, तेव्हा आप्पांनी पगार विचारला नाही. एवढंच म्हणाले, की पोरीला झाडांची सवय आहे, तुमच्या घरामागे काही हिरवं आहे का? काका बोलून गेले, आहे तर, मागे बाग आहे. हरिहर शेजारी बसला होता. त्याने मान खाली घातली आणि तो पोहे खात राहिला.

“पोहे संपायच्या आत मी काहीतरी बोलेन असं मला वाटत होतं,” त्याने मला नंतर सांगितलं. “पोहे संपले.”

त्रेपन्नच्या वैशाखात प्रमोदिनीवहिनी डोंबिवलीला आल्या. घरामागे अंगण होतं, पण कसलं? मध्ये उभं राहून हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागत. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी. मातीचा कण नाही. वहिनींनी दारात उभं राहून ते पाहिलं. मग बादली विसळली आणि धुण्याची दोरी कुठे बांधायची ते विचारलं. बागेचं काही विचारलं नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हरिहर म्हणे.

आप्पांनी निरोप ठेवला होता, की त्र्यंबकेश्वराला जाईन तेव्हा वाटेत लेकीचं घर पाहून जाईन. हरिहरला तेवढी एकच गोष्ट दिसत होती. आप्पा येतील तेव्हा मागे बाग असली पाहिजे. उशिरा का होईना, ते बोलणं खरं झालं पाहिजे.

जमीन नव्हती. भिंत होती.

डाव्या हाताची भिंत दौलत शिंद्यांच्या खोलीची. दौलत साताऱ्याकडचा, रेल्वेच्या कारखान्यात कामाला. त्याने मालकाच्या परवानगीने मागच्या बाजूला एक खोली वाढवून घेतली होती. त्या खोलीची आणि हरिहरच्या अंगणाची भिंत एकच. त्या भिंतीवर सकाळचं ऊन पडे. हरिहरने कचेरीतून आणलेल्या रद्दी कापडावर तिचा नकाशा काढला. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीला थोडा उतार, एकीचा डावीकडे तर खालचीचा उजवीकडे.

काळुरामने त्या वर्षी आपल्या घरावर मंगलोरी कौलं घातली होती. जुनी नळीची कौलं विहिरीपाशी ढीग करून पडली होती. हरिहरने ती मागितली. काळुराम म्हणाला, न्या सगळी, पण करणार काय त्यांचं? हरिहर लाजला आणि म्हणाला, बघू.

अर्ध्या नळीसारखं ते कौल उताणं ठेवलं की त्याची पन्हळ होते. त्याने भिंतीत खिळे ठोकले, तारेने कौलं बांधली, एकाला एक जोडली. हलू नयेत म्हणून कौल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत चिखल दाबून भरला. माती कुठून आणायची हा प्रश्न होता. खाडीकडची माती खारट. मग आम्ही रविवारी टिटवाळ्याला जाऊ लागलो. गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि काळू नदीच्या काठची गाळाची माती पिशव्यांत भरून आणायची. पिशवी खांद्यावर घेऊन येताना तो वाटेतल्या प्रत्येक माणसाला बाजूला होऊन जागा देई. दमलो की आम्ही पुलाच्या कठड्यावर बसत असू आणि तो आप्पांचं बोलणं काढी. त्यांना सदाफुली आवडेल का, की कोकणात ती कुणी बागेत लावत नाही?

चोपन्नचा उन्हाळा संपेपर्यंत भिंत लागून झाली. सर्वांत वर अबोली. मग शेवंती, सदाफुली, चिनी गुलाब. खालच्या ओळींत पुदिना, कोथिंबीर आणि मायाळूचा वेल. मोरीपाशी रॉकेलच्या डब्यात जास्वंद. वरच्या ओळीत बादलीभर पाणी ओतलं की ते एका टोकाला जाई, तिथून खालच्या ओळीत पडे, पुन्हा उलट वाहत जाई आणि असं नागमोडी करत सगळ्या झाडांना भेटून मोरीत उतरे. पहिल्यांदा पाणी ओतलं तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. पाणी खाली पोचलं तेव्हा त्या हसल्या. हरिहरने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मी तसं समाधान पूर्वी पाहिलं नव्हतं.

चाळीत तिला उभी बाग म्हणू लागले. लोक बघायला येत. काळुरामची बायको रखमाबाई म्हणाली, बामनाने भिंतीला शेती केली, आता छपरावर भात लावेल.

फुलं रोज निघत. रोज सकाळी वहिनी परडीभर फुलं दौलतच्या घरी देवाला पाठवत. दौलतची बायको कलावतीबाई परडी कधी रिकामी परत करत नसे. कधी मूठभर शेंगदाणे, कधी लसणाची चटणी. तिच्या घरी पूर्वी देवाला एखादंच फूल मिळे. आता देव फुलांनी झाकले जात. ती सगळ्यांना सांगे, आमचे देव हरिभाऊंमुळे नटले.

त्या पावसाळ्यात चाळीतल्या सगळ्याच भिंतींना ओल आली. दरवर्षी येई. दिवाळीनंतर आम्हाला दिसणाऱ्या सगळ्या भिंती सुकल्या. पुढचं जे होतं ते भिंतीच्या पलीकडे होतं, आणि आम्ही अलीकडे होतो.

कलावतीबाईची थोरली लेक नंदा कळव्याला दिलेली होती. तिला दिवस गेले होते. पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला माहेरी आणली. मार्गशीर्षात डोहाळजेवण झालं. फुलांची वाडी भरली ती हरिहरच्या भिंतीवरच्या फुलांची. अबोलीचे गजरे, शेवंतीचे बाजूबंद, कमरेला फुलांचा पट्टा. वहिनींनी बसून सगळं गुंफलं. नंदाला सजवून पाटावर बसवली तेव्हा कलावतीबाईने वहिनींची अलाबला घेतली. ओळी ओकीबोकी झाल्या होत्या, पण हरिहर दिवसभर त्यांच्यापुढे उभा राहून हसत होता.

मग पौष सरता सरता एक दिवस दौलत नंदाला घेऊन कळव्याला गेला आणि एकटाच परत आला. नववा महिना लागला होता. कलावतीबाईने सांगितलं, तिच्या सासूची फार हौस, पहिलं नातवंड आपल्या घरी व्हावं म्हणून. कुणाचा विश्वास बसला नाही. भरल्या दिवसांची लेक कुणी सासरी परत पाठवत नाही. विहिरीवर रखमाबाई म्हणाली, “काय गो कलावती, लेकीचं एक बालंतपण जड झालं तुला?” कलावतीबाईने घागर उचलली आणि ती गेली.

हरिहरलाही ते रुचलं नव्हतं. त्याला वाटलं, आपले इतके घरोब्याचे संबंध, आपण बोललं पाहिजे. मी तिथे होतो. परडी परत द्यायला ती आली होती. तो फार सौम्यपणे म्हणाला, कलावतीबाई, पहिलं बाळंतपण तरी माहेरी करायचं होतं, आईचा हात तो आईचा हात.

ती खाली बघत म्हणाली, “व्हय भाऊ. चुकलंच माझं.”

परडीत त्या दिवशी तीळगूळ होता.

फाल्गुनात आप्पा आले. उंच, सडसडीत, खांद्यावर पंचा. बरोबर नारळांचं पोतं. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही असा त्यांचा नेम होता, म्हणून त्यांची पथारी आणि जेवण माझ्या खोलीत ठरलं. आल्या आल्या हरिहर त्यांना मागे घेऊन गेला. मी बरोबर होतो. त्याने फक्त दार उघडलं आणि तो बाजूला झाला.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. एक पान चोळून वास घेतला. शेवंतीची वाळकी फुलं खुडली. म्हणाले, कष्ट केलेत. हरिहरचे डोळे भरून आले. त्याने ते लपवायला बादली उचलली आणि पाणी ओतून दाखवलं. पाणी वरून खालपर्यंत गेलं. आप्पांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग बादलीत डोकावले.

“बादलीभर ओतलंत. मोरीत अर्धीही आली नाही. बाकीचं कुठे जातं?” त्यांनी विचारलं.

झाडं पितात, हरिहर म्हणाला.

आप्पांनी मान हलवली. या भिंतीपलीकडे कोण राहतं, असं विचारलं. हरिहरने दौलतचं नाव सांगितलं, माणसं फार चांगली आहेत म्हणाला. आप्पा म्हणाले, मग त्यांना नारळ द्यायला जाऊ. लेकीच्या शेजाऱ्यांना भेटल्याशिवाय जाऊ नये.

दुपारी आम्ही तिघे गेलो. दौलत घरी होता. त्याने घोंगडी अंथरली. कलावतीबाईने पदर सावरून आप्पांना नमस्कार केला. आप्पा म्हणाले, नारळ मीच देवापुढे ठेवतो. देव मागच्या खोलीत होते. ती पटकन पुढे झाली आणि म्हणाली, द्या माझ्याकडे, मी ठेवते. तोवर आप्पा दारात पोचले होते. त्यांच्यामागे हरिहर. त्याच्यामागे मी.

आत शेगडी पेटलेली होती. फाल्गुनातल्या दुपारी, त्या एवढ्याशा खोलीत, पेटती शेगडी भिंतीला टेकवून ठेवली होती. भिंतीवर गोणपाटं टांगली होती. देव समोरच्या बाजूला हलवलेले, आणि त्यांच्यापुढे आमच्याकडची सकाळची फुलं. कुबट वास येत होता. आप्पांनी एक गोणपाट बाजूला केलं. गिलावा गळून पडला होता. विटा काळ्या पडल्या होत्या. आणि त्यांवर हिरवट ओलीचे पट्टे होते, एकाखाली एक, एक डावीकडे उतरता, खालचा उजवीकडे. हरिहरने स्वतःचा नकाशा ओळखला.

आप्पांनी भिंतीवर तळवा टेकवला. काढला तेव्हा तो ओला होता.

दौलत दारात उभा होता, तो जमिनीकडे बघू लागला. जणू घर त्याने खराब केलं होतं.

“नंदाला म्हणून पाठवली?” हरिहरने विचारलं.

“ओल्या खोलीत बाळंतीण कशी निजवायची भाऊ?” कलावतीबाई म्हणाली. “बाहेरची खोली रस्त्यावरची. महिनाभर शेगडी लावून बघितली. सुकंना. झालं ते. मुलगा झालाय, बरा हाय.”

“मला सांगितलं का नाही?”

तिने देवांकडे पाहिलं. “रोज सकाळी तुमची फुलं यायची. ती देवाला वाहायची आन तुमच्याशी भांडायला यायचं, हे कसं जमावं?”

आप्पांनी नारळ देवापुढे ठेवला. आम्ही बाहेर आलो.

घरी आल्यावर हरिहर मागच्या दारात बसला. वहिनी चुलीपाशी होत्या. त्याने आप्पांना सगळं सांगितलं. लग्नाच्या वेळी बाग नव्हती. काका खोटं बोलले, आणि मी गप्प बसलो, असं म्हणाला. ते झाकायला हे केलं. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. भाकरी उलटली.

आप्पा म्हणाले, “ते मला तेव्हाच कळलं होतं. तुमची मान खाली गेली होती. हिलाही ठाऊक होतं. त्याचं काही नाही. त्या पलीकडच्या बाईचं काय करणार, ते बोला.”

ज्यासाठी हरिहरने वर्षभर माती वाहिली ते कुणी मागितलंच नव्हतं. मला वाटलं, तो रडेल. तो उठला आणि पक्कड शोधू लागला.

संध्याकाळपर्यंत त्याने भिंत मोकळी केली. आप्पा आणि मी हात लावायला गेलो तर नको म्हणाला. आवाज ऐकून कलावतीबाई धावत आली. आता कशाला काढता भाऊ, उन्हाळा आलाय, आता सुकेलच, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तो तारा कापत राहिला. आप्पा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने नाशिककडे गेले. जाताना मला म्हणाले, त्याच्याजवळ राहा.

मी राहिलो. पण जे पुढे झालं ते मला थांबवता आलं नाही. थांबवायला हवं होतं हेही मला तेव्हा कळलं नाही.

हरिहरला एक गोष्ट टोचत होती. सगळ्या चाळीने कलावतीबाईला नावं ठेवली होती. त्यानेही. ते पुसायला हवं होतं. सकाळी विहिरीवर बायकांची गर्दी असते, त्या वेळी पुरुष तिकडे फिरकत नाहीत. हरिहर गेला. मी ओट्यावर दात घासत होतो. तो कठड्यापाशी उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला मोठ्याने बोलताना ऐकलं.

तो म्हणाला, रखमाबाई, नंदाला कलावतीबाईंनी हौसेने पाठवलं नाही. माझ्या बागेमुळे त्यांच्या खोलीला ओल आली. बाळंतीण ठेवायला जागा उरली नाही. दोष माझा आहे, त्यांना कुणी बोल लावू नये.

कलावतीबाई तिथेच होती. पोहरा तिच्या हातात होता.

रखमाबाई तिच्याकडे वळली.

“म्हंजे गो, मूठभर फुलांपायी भरल्या दिवसांची पोर घराबाहेर काढलीस?”

कुणीतरी हसलं. दुसरी म्हणाली, मग सासूची हौस म्हणून सांगत होतीस ती? एकीने विचारलं, तुझ्या नवऱ्याला तोंड नव्हतं का बामनाला सांगायला? हरिहर नाही नाही म्हणत होता, असं नाही, माझं ऐका. कुणी ऐकत नव्हतं.

कलावतीबाईने पोहरा खाली ठेवला. अर्धी भरलेली घागर तशीच सोडून ती त्याच्यासमोर आली. ती रागावलेली नव्हती. तिचा आवाज अगदी हळू होता.

“भाऊ, मी ते झाकून ठेवलं होतं. आईला जड झालं म्हणत होती माणसं, मी म्हणू देत होते. तुमचं मन हलकं झालं ना? बरं झालं.”

गोष्ट दोन दिवसांत सगळीकडे पोचली. कारखान्याच्या फाटकावर लोक दौलतला विचारू लागले, काय दौलतराव, आज फुलं मिळाली का? कळव्याला नंदाच्या सासूच्या कानावर गेलं. तिला कलावतीबाईने सांगितलं होतं, की माझी तब्येत बरी नाही. सासूने निरोप धाडला, खरं सांगायला काय झालं होतं, आम्ही काय परके? नंदाला बारशानंतर माहेरी आणायचं ठरलं होतं, ते लांबलं.

दौलतने रजा काढून भिंतीचा कुजका गिलावा खरवडला. हरिहर चुन्याची बादली घेऊन गेला. मी त्याच्यासोबत होतो. दौलतने बादली त्याच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि म्हणाला, राहू द्या हरिभाऊ, तुमचा हात नकाशाचा, चुन्याने खराब होईल. त्यात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं होतं. हरिहर तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग बादली तिथेच सोडून परत आला.

त्यानंतर तो मागच्या अंगणात जात नसे. पाणी भरायला तो सगळ्यांच्या आधी, अंधारात जाऊ लागला. माझ्याकडे येई, पण बोलत नसे. मी त्याला एकदा म्हटलं, तू खरं तेच बोललास. तो म्हणाला, “पहिल्या वेळी गप्प बसलो तेही माझ्यासाठी. या वेळी बोललो तेही माझ्यासाठीच.”

ज्येष्ठात नंदा आली. मुलगा चार महिन्यांचा झाला होता, गुटगुटीत, डोळ्यांत काजळ. चाळीत रीत आहे, लेक पहिल्यांदा मूल घेऊन आली की आजीने त्याला दारोदार दाखवायचं. कलावतीबाई नव्या लुगड्यात निघाली. नातू कडेवर, मागे नंदा. रखमाबाईच्या दारात गेली, माझ्या दारात आली. मी त्याच्या मुठीत पैसा ठेवला. मग मीही त्यांच्यामागून निघालो. मला वाटलं, हरिहरचं दार ती टाळील. तिने टाळलं नाही. उंबऱ्याशी उभी राहिली आणि मूल वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी त्याची दृष्ट काढली, टोपडं घातलं, त्याला छातीशी धरलं.

“भाऊ घरात नाहीत का?” कलावतीबाईने विचारलं.

“आहेत,” वहिनी म्हणाल्या.

आत खाट करकरली. आम्ही सगळे आतल्या दाराकडे बघत होतो. नंदाही बघत होती. कलावतीबाई वाट पाहत थांबली, मूल परत घेईपर्यंत, आणि घेतल्यावरही थोडा वेळ. हरिहर बाहेर आला नाही.